ब्रह्मचारी पेकुसीची बायको

आपला नवरा जन्मभर ब्रह्मचारी होता, ही बातमी थर्मुतीला गावच्या भट्टीपाशी भाकरी भाजताना कळली. त्या वेळी त्याच ब्रह्मचाऱ्याची धाकटी नात तिच्या मांडीवर बसून कांद्याची पात चोखत होती.

बातमी दिली भट्टीवालीने. आदल्या दिवशी प्रार्थनेनंतर दियोस्कोरगुरुजींनी संत पेकुसींच्या चरित्राचा पहिला भाग सगळ्यांना वाचून दाखवला होता. थर्मुतीचा गुडघा आखडला होता म्हणून ती गेली नव्हती. एक दिवस घरी राहिली, तेवढ्यात तिचं लग्न मोडलं.

"स्त्रीकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही, असं वाचलं गुरुजींनी," भट्टीवाली म्हणाली. "बायका रडल्या ऐकून."

"रडतील नाहीतर काय," थर्मुती म्हणाली आणि तिने भाकरी उलटली. "आता आमची लेक नोफ्री कुठून आली, तेवढं गुरुजींना विचारून ये."

पेकुसी मासे खारवायचा. नाईलच्या काठी, तमौरीत, उताराच्या गल्लीत शेवटचं घर त्याचं. अंगणात गळ्याएवढे रांजण, मागे मिठाची कोठी, आणि सगळ्यांवर असा वास की नवखा माणूस गल्लीच्या तोंडाशीच थबकायचा. बोय आणि मांगूर चिरावेत, धुवावेत, मीठ भरून रांजणात दाबावेत, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बाकी सगळ्या बाबतींत त्याच्याशी बोलणं म्हणजे शिक्षा होती, कारण त्याच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'नाही'. ऊन फार आहे म्हटलं की नाही. यंदा नदीला पूर चांगला आला म्हटलं की नाही, परवाच्या वर्षी खरा आला होता. थर्मुतीच्या बापाने मुलगी पसंत आहे का म्हणून विचारलं तेव्हाही तो सवयीने नाही म्हणून गेला होता. ते निस्तरायला मध्ये दोन मावश्या घालाव्या लागल्या.

ख्रिस्ती झाला तो बायकोमुळे. झाला म्हणजे काय, होऊ घातला. त्याच्याबरोबर शिकवणीला बसलेले सगळे बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले, त्यांची मुलंसुद्धा झाली, पण पेकुसी दाराजवळच्या बाकावर बसला तो बसलेलाच. अडलं कुठे, तर योनापाशी. योना संदेष्ट्याला माशाने गिळलं आणि तिसऱ्या दिवशी काठावर जिवंत ओकून टाकलं, हे त्याला मान्य नव्हतं. आपण आयुष्यभर माशांची पोटं फाडतो आहोत, आत काय होतं ते आपल्याला विचारा, असं त्याचं म्हणणं. तेव्हाचे म्हातारे गुरुजी शांत माणूस. ते म्हणायचे, योना पटला की ये. योना कधी पटला नाही.

आणि त्याचं भांडण होतं दियोस्कोरशी. दियोस्कोर तेव्हा गुरुजी नव्हता, पाठक होता. सभेत उभं राहून पवित्र पुस्तकातून वाचायचा. कारकुनाचा मुलगा, बोटं स्वच्छ, नाक नाजूक, आणि घर नेमकं पेकुसीच्या भिंतीला भिंत लागून. वासाबद्दल त्याने गावकामगाराकडे तक्रार केली. पेकुसीने उत्तरादाखल सगळ्यात जुना रांजण उचलून त्याच्या भिंतीशी आणून ठेवला. मग दियोस्कोरने एक नर बदक पाळलं. ते गल्लीत पंख पसरून उभं राहायचं आणि पेकुसीच्या पोटऱ्यांना चावायचं. पेकुसी कोणाच्या बापाला भीत नसे, पण त्या बदकाला भ्यायचा. घरी जायला गावाला वळसा घालून नदीकडून यायचा. चरित्रात पुढे सिंह आला आणि त्याने संतांचे पाय चाटले, ते हेच पाय.

असं सगळं सुरळीत चाललं असताना सम्राटाचं फर्मान आलं. ख्रिस्ती लोकांची पुस्तकं जाळा, आणि प्रत्येक घरच्या कर्त्या माणसाने देवांपुढे धूप टाकावा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक अधिकारी शिपाई घेऊन तमौरीत उतरला. बाजारात देवळापुढे शेगडी मांडली. म्हाताऱ्या गुरुजींना आदल्याच दिवशी वाळवंटात जाऊन एकांतात प्रार्थना करण्याची अनावर ओढ लागली होती. राहिलेल्यांनी रांग लावली. दियोस्कोर रांगेत दुसरा होता. पहिलाच असता, पण एक तेली मध्ये घुसला. धूप टाकून तो घरी गेला आणि जेवला. बायकांना त्या लोकांनी हिशेबात धरलंच नाही, आणि तमौरीच्या बायकांना आवडलेला हा पहिला आणि शेवटचा अपमान.

थर्मुती खजुरवाल्याच्या पालाखाली उभी राहून पाहत होती. तिला चिंता नव्हती. हा तर धड ख्रिस्तीही नाही, टाकेल चिमूटभर आणि येईल कुरकुरत, असं तिला वाटलं. मोठ्या रांजणात त्याच सकाळी ताजी बोय दाबली होती आणि वर दगड ठेवायचा राहिला होता.

अधिकाऱ्याला उन्हाने घेरी येत होती. पेकुसी पुढे आला तेव्हा त्याने मान वर न करता डबी पुढे सरकवली. "टाक आणि जा."

"नाही," पेकुसी म्हणाला.

"ख्रिस्ती आहेस का?"

"पुरता नाही अजून."

"मग टाक."

"नाही."

आता अधिकाऱ्याने मान वर केली. ख्रिस्ती असून न टाकणारे त्याला ठाऊक होते, ख्रिस्ती नसून टाकणारे ठाऊक होते. हा तिसराच निघाला. त्याने जरा समजुतीने विचारलं, मग अडचण काय आहे तुझी. पेकुसीने विचार केला आणि म्हणाला की अडचण काही नाही, टाकायचा नाही इतकंच. मग अधिकाऱ्याने वेगळं टोक धरलं. तुमच्या सभेत वाचून कोण दाखवतं, आणि ती पुस्तकं कोणी दडवली आहेत, एवढं सांग आणि घरी जा. धुपाचं मी बघून घेतो. धूप टाकला असला तरी पुस्तकं दडवणाऱ्याला खाणीत धाडायचा हुकूम होता, आणि ते बाजारात सगळ्यांना माहीत होतं. सगळा बाजार आपापल्या पायांकडे बघू लागला.

इथे थर्मुतीला वाटलं की आता हा घरी येणार. दियोस्कोरचं नाव घ्यायची अशी संधी त्याच्याकडे चालून आली होती, जी त्याने स्वप्नातही मागितली नसती. भिंतीचं, तक्रारीचं, बदकाचं, सगळं एका शब्दात फिटणार होतं.

"वाचायला लागले की मला झोप येते," पेकुसी म्हणाला. "कोण वाचतं ते कधी बघितलं नाही."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्याने घात झाला. आपली थट्टा चालली आहे असं अधिकाऱ्याला वाटलं, आणि शिपायांनी पेकुसीला धान्याच्या कोठारात नेऊन कोंडलं. तमौरीत वेगळा तुरुंग नव्हता. तशी गरज कधी पडली नव्हती.

थर्मुती रोज त्याला मसुराची आमटी न्यायची. तो रोज सांगायचा की मीठ कमी आहे. ती रोज त्याला सांगायची की मीठ बरोबर आहे, तुझी जीभ मेली आहे. असे काही दिवस गेले आणि मग तिचा धीर सुटला. ती कोठाराच्या दाराशी मातीत बसली आणि तिने त्याला विनवलं. जे मोठे भक्त होते ते टाकून घरी बसले आहेत. देवाला कळतं. नोफ्रीचं लग्न व्हायचं आहे. एक चिमूट तर टाकायची, आपण बोयीच्या गालफडात भरतो त्याहून लहान.

पेकुसी आतून दाराशी येऊन बसला.

"थर्मुती," तो म्हणाला, "जन्मभर मी ज्याला त्याला नाही म्हणत आलो. भाकरीला नाही, पुराला नाही, तुझ्या बापाला नाही. सगळं फुकटचं होतं ते, मला कळतं. आता एकदा खरोखर नाही म्हणावं असं काहीतरी पुढ्यात आलंय, आणि नेमकं तेव्हाच हो म्हणू?"

हे ऐकून ती इतकी चिडली की आमटीचं मडकं तसंच भरलेलं उचलून घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी परत आणलं. मीठ थोडं जास्त घातलं होतं.

शेवटी मृत्यूच्या शिक्षेसाठी त्याला धक्क्यावर नेलं, जिथे होड्या लागतात तिथे. चरित्रात या जागी संत दोन्ही हात आकाशाकडे पसरून उपदेश करतात, आणि तो उपदेश इतका लांब आहे की वाचताना गुरुजी मध्ये दोनदा पाणी पितात. त्यात जिवंत पाण्याचे झरे येतात, आत्म्याची तहान येते, आणि शेवटी जल्लादही गुडघे टेकतो. खरं झालं ते एवढंच, की पेकुसी लव्हाळ्यांत इकडेतिकडे बघत राहिला, आणि थर्मुती दिसली तेव्हा मोठ्याने म्हणाला, "मोठ्या रांजणाचं पाणी बदल." मग त्याने मान खाली घातली. जल्लादाने गुडघे टेकले नाहीत. त्याला संध्याकाळपर्यंत पुढच्या गावी पोचायचं होतं.

प्रेत पुरायची बंदी होती. मगरींना टाकायचं असा हुकूम होता. दोन शिपाई पहाऱ्यावर बसवले. भर दुपारी, वाळू पायाला चटके देत असताना, थर्मुती होर गाढववाल्याला घेऊन धक्क्यावर गेली. गाढवाच्या दोन्ही बाजूंना टोपल्या, टोपल्यांत मासे, आणि ते मासे तिने मुद्दाम दोन दिवस उन्हात ठेवले होते. शिपाई नाकाला कापड लावून सावली शोधत पार भिंतीमागे गेले. परत आले तेव्हा प्रेत नव्हतं. मगर येऊन गेली, असं त्यांनी वर कळवलं. चरित्रात इथे दोन देवदूत येतात. होर गाढववाला पुढे बरीच वर्षं जगला, पण आपण देवदूत होतो हे त्याला कोणी सांगितलं नाही.

घरी आणल्यावर तिने दार लावून घेतलं. जमीन तेव्हा पुराच्या ओलीने फुगलेली होती, लगेच पुरलं असतं तर काही उरलं नसतं. तिला एकच काम येत होतं, ते तिने केलं. धुतलं, पुसलं, मिठाच्या कोठीतलं सगळं मीठ काढलं आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत मिठात ठेवलं. काम करताना तिची बोटं फाटली, भेगांत मीठ गेलं, आणि ती हुंदके देत त्याला बोलत होती: मला विचारलं नाहीस, एका शब्दाने विचारलं नाहीस, जन्मभर कोणाला काही विचारलंस का तू. मीठ ओलं झालं की ती काढायची, कोरडं भरायची. पुष्कळ दिवसांनी तागाच्या कापडात गुंडाळून तिने त्याला कोठीच्या जमिनीत पुरलं आणि वर रांजण ठेवला. पाणी बदललेला.

मग वर्षं गेली. नोफ्रीचं लग्न झालं. जावई कुंभार, मितभाषी. सम्राट बदलला, आणि नवा सम्राट आपल्यातला आहे अशी बातमी आली. त्याबरोबर तमौरीत एक अजब गोष्ट घडली. ज्यांनी धूप टाकला होता त्यांची संख्या दिसामाशी घटू लागली. एक म्हणाला मी त्या दिवशी तापाने फणफणलो होतो. एक म्हणाला मी टाकला तो धूप नव्हताच, भुसा होता. बाकी सगळे वाळवंटात लपले होते. वाळवंटात त्या साली चालायला जागा उरली नसणार. म्हातारे गुरुजी तिकडेच वारले होते. मग सभेने दियोस्कोरला गुरुजी केलं, कारण पुस्तकं त्याच्याकडे होती. पिठाच्या कणगीत दडवून त्याने ती खरोखरच वाचवली होती, आणि हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

पण वरच्या अंगाच्या गावाकडे धर्मासाठी प्राण दिलेले तीन रक्तसाक्षी होते आणि एक झरा. खालच्या गावाकडे एक कुमारी होती, जिच्या थडग्यातून तेल पाझरायचं. यात्रेकरूंच्या होड्या तमौरीच्या धक्क्यावरून सरळ पुढे निघून जायच्या. तमौरीकरांनी शोध घेतला, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याकडे एकच आहे, आणि तोही पेकुसी.

चमत्कार आधी लहान होते. पेकुसीच्या गल्लीत एकाची दाढदुखी थांबली. मग एका आंधळ्याला दिसू लागलं. हा आंधळा आधीही बाजारातल्या तरण्या पोरींना बरोबर ओळखायचा, तरी लोक हरखले. मग मेलेला उंट उठला. बाप्तिस्मा झाला नव्हता ही अडचण गुरुजींनी सोडवली: रक्ताने झाला तो पाण्याहून मोठा. योनाचा मुद्दा त्यांनी उलटाच फिरवला, की संत लहानपणापासून योनाचं नाव निघताच ध्यानात बुडायचे. वासाबद्दल लिहिलं, संतांच्या घराभोवती एक अलौकिक दरवळ असे, जो शेजाऱ्यांना सहन होत नसे.

थर्मुती हे सगळं लोकांच्या तोंडून आधीपासून ऐकून घेत होती. सिंहाच्या वेळी ती हसली होती. उंटाच्या वेळी विचारलं होतं, कोणाचा. पण ब्रह्मचाऱ्याचं ऐकल्यावर भाकऱ्या तशाच टाकून ती घरी आली आणि वाट बघत बसली. तिला ठाऊक होतं की दियोस्कोर आज नाही उद्या येणार. पेकुसी कुठे पुरला आहे हे माहीत असलेली गावात ती एकटीच होती.

तो आला. केस पिकलेले, पाठीत वाकलेला. गावात सगळे त्याला वाकून नमस्कार करायचे. थर्मुतीने पाट पुढे सरकवला.

"बाई, आपल्याकडे मोठे बिशप यायचे आहेत," तो म्हणाला. "समाधी बांधायची आहे. पवित्र देह लागेल."

"आणि बायको नको."

दियोस्कोरने घाम पुसला. त्याने समजावून सांगितलं, की त्याच्या मनात तसं काही नव्हतं. पण ज्यांनी ज्यांनी चरित्रं लिहिली आहेत त्यांचे सगळे संत ब्रह्मचारी आहेत. बिशपांच्या माणसाने आधीच विचारलं आहे, तुमचे संत तसे होते ना. तो हो म्हणून बसला आहे. आता एकच मार्ग आहे. थर्मुतीने संतांची बहीण व्हावं. बहिणीला मान असतो. पहिल्या रांगेत जागा, सणाला नवं वस्त्र, बायका येऊन हाताला हात लावतील.

"म्हणजे इतकी वर्षं मी भावाच्या घरी राहिले."

"सेवा केलीत."

"ती केली," थर्मुती म्हणाली. "आणि नोफ्री?"

"अनाथ. संतांनी दयाळूपणे सांभाळलेली."

नोफ्री चुलीपाशी बसली होती. तिचा नवरा त्या दिवसांत यात्रेकरूंसाठी हातात मावणाऱ्या सुरया घडवत होता, एका बाजूला संत, एका बाजूला सिंह, आणि सिंह त्याला नीट जमत नव्हता.

थर्मुतीने बराच विचार केला. मग तिने विचारलं की ती मेल्यावर तिला कुठे पुरतील. दियोस्कोर म्हणाला, गावच्या दफनभूमीत, चांगल्या जागी. त्याच्या शेजारी का नाही? दियोस्कोर चाचरला. ब्रह्मचाऱ्याच्या शेजारी बाई पुरता येणार नाही, लोक काय म्हणतील.

"बहीण पुरता येईल?"

बहीण पुरता येत होती. अमक्या गावी तसं केलंही होतं.

"मग मी बहीण," थर्मुती म्हणाली. "पण आत, त्याच्या उजव्या हाताला, भिंत न घालता. तसं बिशपासमोर कबूल करशील तर कोठीचं दार उघडते."

त्याने कबूल केलं. तरी तो उठेना. पाटावर बसून तो नखांकडे बघत राहिला, आणि मग ज्यासाठी तो बहुधा खरा आला होता ते त्याने विचारलं. त्या दिवशी बाजारात काय झालं ते त्याला लोकांकडून कळलं होतं. पेकुसीने नाव का घेतलं नाही? तुरुंगात कधी काही बोलला का तो, माझ्याबद्दल?

थर्मुतीला वाटलं, सांगू नये. याच्या पुस्तकात जाईल आणि त्याचंही काहीतरी होईल. पण तो म्हातारा झाला होता.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "तुझ्याबद्दल म्हणाला, त्याला खाणीत धाडला तर मी घरी जाऊन भांडू कोणाशी?"

दियोस्कोर मान खाली घालून रडला, अगदी लहान मुलासारखा, नाक ओढत. ते रडणं खरं होतं. थर्मुतीने त्याला पाणी दिलं. मग तो घरी गेला, आणि पुढच्या रविवारी चरित्राच्या दुसऱ्या भागात संतांचा जिवलग मित्र प्रकटला, पाठक दियोस्कोर नावाचा, जो शेवटच्या घटकेपर्यंत त्यांच्या बाजूला उभा राहून स्तोत्रं म्हणत होता.

बिशप आले. लठ्ठ होते, गाढवावरून उतरवायला चार जण लागले. रांजण सरकवला, जमीन खणली, कापड सोडलं. पेकुसी जसा ठेवला होता तसाच होता. थोडा आक्रसलेला, रंगाने काळपट, पण नाक, कान, भुवया जागच्या जागी, आणि चेहऱ्यावर तेच, की आता हे काय नवीन. जमाव गुडघ्यांवर कोसळला. बिशपांनी डोळे पुसत विचारलं, इतकी वर्षं या ओल्या मातीत, आणि देह भ्रष्ट झाला नाही, हे कसं?

"मीठ लावलं होतं," थर्मुती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिने पुन्हा सांगितलं, की मीठ लावलं होतं, ओलं झालं की बदललं होतं, बोयीला लावतात तसंच. बिशपांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले, सगळ्यांकडे वळले आणि म्हणाले की बहिणीच्या साध्याभोळ्या तोंडून प्रभूच बोलतो आहे: तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात. लोक ढसाढसा रडू लागले.

समाधी बांधली गेली आणि होड्या थांबू लागल्या. थर्मुती बहिणीच्या आसनावर बसायची. रोज चरित्र कानावर पडायचं, आणि दिवसेंदिवस तिला त्याची सवय होत गेली, जशी आधी माशांच्या वासाची झाली होती. एकदा एक तरणी बाई आली, डोळे सुजलेले. तिच्या नवऱ्याने शेतसारा वसूल करणाऱ्यांपुढे मान वाकवायला नकार दिला होता आणि तो आत होता. तिने थर्मुतीला विचारलं, आजी, तुमचे भाऊ असे कसे हो घडले, त्यांना भीती वाटली नाही?

थर्मुतीने इकडेतिकडे बघितलं. दियोस्कोर डुलक्या घेत होता. तिने त्या बाईला जवळ बसवलं आणि हळू आवाजात खरं सांगितलं. तो भाऊ नव्हता. मी त्याला टाक म्हणाले होते, रडले होते. तो भित्रा होता, बदकाला भ्यायचा. त्याने मला विचारलं नाही, आणि मला अजून त्याचा राग येतो. तुझा घरी आला तर त्याला आधी चांगलं झोड. आणि नाही आला तर त्याला जेवण नेत जा, कितीही भांडलात तरी, मडकं परत नेऊ नकोस.

बाईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने आदराने विचारलं की सिंहाची गोष्ट खरी आहे ना. थर्मुतीने तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं.

"खरी आहे," ती म्हणाली. "मोठा होता."

बाईने सुरई घेतली, समाधीवरच्या दिव्यातलं तेल भरून घेतलं, आणि येताना होती त्याहून बऱ्या चेहऱ्याने होडीत बसली. नवऱ्याचं पुढे काय झालं ते तमौरीत कळलं नाही.

थर्मुती गेली ती पूर ओसरण्याच्या दिवसांत, झोपेत. दियोस्कोरने शब्द पाळला. गावातले दोन शहाणे आडवे आले, की बहीण असली तरी मध्ये एक वीतभर भिंत बरी. त्याने काठी उगारली. तिला पेकुसीच्या उजव्या हाताला ठेवलं. मीठ नोफ्रीने लावलं, कोणाला न विचारता.

त्या वर्षीच्या सणाला चरित्र वाचलं गेलं तेव्हा थर्मुतीही कुमारिका होती. तिने लहानपणीच सगळी स्थळं नाकारली होती आणि एक राजपुत्रही त्यात होता. वाचन संपल्यावर दियोस्कोरगुरुजी काठी टेकत नोफ्रीकडे आले. पुढच्या प्रतीत तिचाही उल्लेख नीट यायला हवा होता. अनाथ एवढंच लिहिलं होतं, पण लोक विचारायचे, कोणाची, कुठून आली. तिच्या पाचही पोरांनी त्यांना घेरलं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

नोफ्रीने धाकटीचं नाक पुसलं.

"नदीत वाहत आले लिहा," ती म्हणाली. "टोपलीतून."

गुरुजींनी मान डोलावली आणि टोपली कशाची होती ते विचारलं.